पदार्थविज्ञानातले शब्द आणि आपली चिकित्सक बुद्धी

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)





विषय ऐकून काहींना वाटले असेल, विहारात पदार्थविज्ञान कशाला? पण आपण कोणत्या शहरात राहतो ते आठवा. १९५० साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे इथे महाविद्यालय सुरू केले. त्याला नाव दिले मिलिंद आणि परिसराला नाव दिले नागसेनवन. एक प्रश्न विचारणारा राजा आणि एक उत्तर देणारा भिक्खू! विद्येच्या ठिकाणाला वादसंवादाचे नाव देणारा असा दुसरा पुरुष मला तरी ठाऊक नाही.

मिलिंद राजा नागसेनांना काय विचारत असे? समजले नाही की म्हणे, भन्ते, उपमा द्या. उपमा दिली की म्हणे, आणखी एक द्या. नागसेनही कंटाळत नसत. त्यांचा रथाचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. चाक म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ का? नाही. मग रथ कुठे आहे? तर हे सारे भाग विशिष्ट रीतीने जोडले की त्या जुळणीला आपण रथ हे नाव देतो. म्हणजे शब्द ऐकला की थांबायचे आणि विचारायचे, या नावामागे नेमके काय आहे? आज पदार्थविज्ञानातल्या शब्दांना आपण हाच प्रश्न विचारू या.

सुरुवात घरातल्या शब्दांपासून करू. किराणा दुकानात आपण म्हणतो, पाच किलो वजनाची ज्वारी द्या. पदार्थविज्ञान म्हणते, पाच किलो हे ज्वारीचे वस्तुमान आहे. वस्तुमान म्हणजे त्या वस्तूत द्रव्य किती आहे ते. वजन म्हणजे पृथ्वी तिला किती जोराने खाली ओढते ते. चंद्राची ओढ पृथ्वीच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकी. साठ किलोचा माणूस तिथे ताणकाट्यावर उभा राहिला तर काटा दहावर थांबेल. माणूस मात्र तेवढाच, रोडावला नाही. वस्तुमान तेच, वजन बदलले.

दुसरा शब्द ‘कार्य’. रेल्वे स्टेशनवर हमाल डोक्यावर पेटी घेऊन गाडीची वाट पाहत उभा आहे. मान अवघडली, घाम फुटला. पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने त्याने पेटीवर किती कार्य केले? शून्य! कारण बल लावल्यावर वस्तू बलाच्या दिशेने सरकली तरच शास्त्रात कार्य झाले असे म्हणतात. मग त्याची मजुरी कापायची का? मुळीच नाही. त्याच्या स्नायूंनी ऊर्जा खर्चली, त्याच्या श्रमाची किंमत आहेच. सांगायचा मुद्दा एवढाच की शास्त्रातला शब्द आणि व्यवहारातला शब्द दिसायला जुळे भाऊ, पण प्रत्येकाचे घर वेगळे. एकाचा अर्थ दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवला की घोटाळा होतो.

आता ऊर्जा आणि शक्ती. आपण बोलताना दोन्ही एकच समजतो. लाइटचे बिल काढून बघा. दिव्यावर लिहिलेले असते ९ वॅट. ती शक्ती, म्हणजे ऊर्जा वापरण्याचा वेग. बिलावर असतात युनिट. ती एकूण वापरलेली ऊर्जा. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब दहा तास जळाला की एक युनिट पडते. नऊ वॅटचा एलईडी त्याच एका युनिटवर एकशे अकरा तास जळतो. एक युनिट म्हणजे छत्तीस लाख ज्यूल. बघा, ऊर्जा ही मोजता येणारी गोष्ट आहे. तिला एकक आहे, मीटर आहे, हिशेब आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ऊर्जेचा नियमही माहीत असावा. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही, नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पुनर्जन्माची चर्चा करताना ऊर्जेच्या या अक्षय्यतेचा आधार घेतला आहे. आत्मा न मानता मृत्यूनंतर काय, याचा विचार करताना त्यांनी कुठल्या गूढ शक्तीचे नाव घेतले नाही. प्रयोगाने सिद्ध झालेला नियम, त्याच्या नेमक्या अर्थाने घेतला. विज्ञानाचा शब्द कसा वापरावा, याचा हा वस्तुपाठ आहे.

आता वळू या त्या मोठ्या शब्दाकडे. क्वांटम. मराठीत पुंज म्हणतात, क्वांटम मेकॅनिक्सला पुंजयामिकी. ऐकूनच छाती दडपते. पण मूळ कल्पना दुधाच्या पिशवीएवढी सोपी आहे.

पूर्वी गवळी दारात मापाने दूध घालायचा. पाव लिटर घ्या, त्यावर चमचाभर जास्त घ्या, हवे तेवढे. पिशवीचे दूध आले आणि हिशेब बदलला. एक पिशवी, दोन पिशव्या, तीन पिशव्या. पावणेदोन पिशव्या कुणी देत नाही. १९०० सालापर्यंत सर्व शास्त्रज्ञांना वाटत होते की ऊर्जा सुट्या दुधासारखी आहे. पण तापलेल्या वस्तूतून कोणत्या रंगाचा प्रकाश किती निघतो, याचे गणित काही केल्या जुळत नव्हते. १४ डिसेंबर १९०० रोजी बर्लिनमध्ये मॅक्स प्लांक यांनी मांडले की ही देवघेव पिशव्यांतच होते असे धरले तर गणित जुळते. त्या एका पिशवीला म्हणायचे क्वांटम. बस्स!

पिशवी केवढी? ते प्रकाशाच्या वारंवारतेवर, म्हणजे रंगावर ठरते. जांभळ्या प्रकाशाची पिशवी तांबड्याच्या सुमारे पावणेदोनपट. पण दोन्ही इतक्या लहान की नऊ वॅटच्या दिव्यातून एका सेकंदात किती पिशव्या बाहेर पडतात ते सांगायचे तर कोटीला कोटीने गुणायचे आणि त्याला पुन्हा हजारोंनी गुणायचे. म्हणून तर आपल्याला प्रकाश सलग दिसतो. लांबून वाळूचा ढीग सलग दिसतो, हातात घेतला की कण कळतात, तसे.

१९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी पुढचे पाऊल टाकले. धातूवर प्रकाश पडला की कधी कधी त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. गंमत अशी की काही धातूंवर तांबडा प्रकाश कितीही झगझगीत टाकला तरी इलेक्ट्रॉन हलत नाही आणि जांभळा अगदी मंद असला तरी लगेच निघतो. असे का? लहानपणी आपण सर्वांनी चिंचा पाडल्या आहेत. बारीक खड्यांनी ओंजळी भरभरून मारल्या तरी चिंच पडत नाही. एक नेमका दगड लागला की पडते. तांबडा प्रकाश म्हणजे पुष्कळ बारीक खडे, जांभळा म्हणजे थोडे पण मोठे दगड. प्रकाशही कणाकणाने येतो हे यातून कळले. त्या कणाला फोटॉन म्हणतात. आइन्स्टाइन यांचे नोबेल पारितोषिक याच कामासाठी आहे. आपल्या गच्चीवरचे सौरपॅनल चालते तेही फोटॉनने इलेक्ट्रॉनला मोकळे केल्यामुळेच.

आता अणूकडे. अणू आपल्या आमखास मैदानाएवढा मोठा केला, तर त्याचे केंद्रक मैदानाच्या मधोमध ठेवलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढे निघेल. जवळपास सगळे वस्तुमान त्या दाण्यात. बाकी मैदानात इलेक्ट्रॉन. १९१३ मध्ये नील्स बोर यांनी सांगितले की इलेक्ट्रॉनला अणूत कुठलीही ऊर्जा चालत नाही. विद्यापीठामागच्या बुद्ध लेण्यांच्या पायऱ्या चढताना आपण या पायरीवर उभे राहतो किंवा त्या पायरीवर. दोन पायऱ्यांच्या मध्ये अधांतरी कुणी उभे राहत नाही. इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आला की दोन पायऱ्यांतल्या फरकाएवढा फोटॉन सोडतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या वेगळ्या, म्हणून प्रत्येकाचे रंग वेगळे. चुलीवर मिठाचे पाणी उतू गेले की जाळ पिवळा होतो, तो सोडियमचा रंग. हेलियम हे मूलद्रव्य तर १८६८ मध्ये सूर्यप्रकाशातल्या रंगरेषेवरून कळले. पृथ्वीवर ते नंतर, १८९५ मध्ये सापडले. वर्तमानपत्रात मोठ्या प्रगतीला ‘क्वांटम झेप’ म्हणतात. खरी क्वांटम उडी ही इतकी बारीक असते!

या कामात आपली माणसेही आहेत. १९२४ मध्ये सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून आइन्स्टाइन यांना पाठवलेल्या निबंधाने फोटॉन मोजण्याची रीतच बदलली. त्यांच्या नावावरून कणांच्या एका सबंध कुळाला बोसॉन म्हणतात. २८ फेब्रुवारी हा आपला राष्ट्रीय विज्ञान दिन सी. व्ही. रामन यांच्या १९२८ मधील शोधाचा दिवस. फोटॉन रेणूवर आदळून थोडी ऊर्जा देतो किंवा घेतो, म्हणून परतताना त्याचा रंग किंचित बदलतो, हाच रामन परिणाम.

आता थोडा अवघड भाग. मिलिंद राजासारखे धीराने ऐका. हौदात दोन खडे टाकले की दोन तरंग एकमेकांत मिसळतात. कुठे पाणी उसळते, कुठे शांत राहते. प्रकाशाचे असेच होते हे आधीच माहीत होते. नवल हे की इलेक्ट्रॉनचेही होते. दोन फटींसमोर एकेक इलेक्ट्रॉन सोडला, तर पडद्यावर प्रत्येक वेळी एकच ठिपका उमटतो, कणासारखा. पण हजारो ठिपके जमले की तरंगांसारखे पट्टे दिसतात. म्हणजे इलेक्ट्रॉन आपल्या ओळखीचा खडा नाही आणि ओळखीचा तरंगही नाही. दोन्ही शक्यता एकत्र घेऊनच त्याचे गणित मांडावे लागते. याला अध्यारोपण म्हणतात. तो कोणत्या फटीतून गेला हे बघण्यासाठी तिथे यंत्र बसवले की पट्टे नाहीसे होतात.

इथेच फसवणुकीचे दार उघडते. काही लोक सांगत फिरतात, ‘पाहणाऱ्याच्या मनाने जग बदलते, हे क्वांटमने सिद्ध केले.’ बंधू-भगिनींनो, तसे काही सिद्ध झालेले नाही. शास्त्रात ‘निरीक्षण’ म्हणजे मापन. इलेक्ट्रॉनचा यंत्राशी आलेला संबंध. खोलीला कुलूप लावून सगळे घरी गेले तरी यंत्र चालू असेल तर पट्टे जाणारच. तिथे कुणाचे ध्यान नाही, संकल्प नाही, मनोबल नाही.

हायझेनबर्ग यांचे १९२७ चे अनिश्चितता तत्त्वही असेच बदनाम झाले आहे. ‘काहीच नक्की नसते’ असा त्याचा अर्थ लावतात. उपमा देतो. जयंतीच्या मिरवणुकीत हलगीचा एक ठोका पडतो. तो कधी पडला ते अचूक सांगता येते, पण त्याचा सूर कोणता ते सांगणे कठीण. हार्मोनियमचा सूर लांबवला तर पट्टी अचूक कळते, पण तो ‘नेमका या क्षणी’ वाजला असे म्हणता येत नाही. यात ऐकणाऱ्याच्या कानाचा दोष नाही, आवाजाचा स्वभावच तसा. इलेक्ट्रॉनचे स्थान आणि संवेग यांचे तसेच आहे. एक जितके नेमके, तितके दुसरे पसरट. आणि किती पसरट याचेही गणित पक्के आहे. अनिश्चितता म्हणजे गोंधळ नव्हे.

दोन शब्द झटपट सांगतो. पहिला गुंफण. एकत्र जन्मलेले दोन कण दूर नेले तरी त्यांच्या मापनांत विशिष्ट मेळ आढळतो. हे प्रयोगाने दाखवणाऱ्या आस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले. पण या मेळातून निरोप धाडता येत नाही, हेही तितकेच पक्के आहे. दुसरा शब्द बोगदा परिणाम. ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही कण अडथळ्यापलीकडे सापडण्याची थोडी शक्यता असते. याच्याशिवाय सूर्य आज जसा तळपतो तसा तळपला नसता. मोबाइलच्या मेमरीत फोटो साठवतानाही इलेक्ट्रॉन असेच पलीकडे जातात.

आता मघाचे वाक्य आठवा. ऊर्जा मोजता येते. अलीकडे वस्त्यावस्त्यांतून ‘क्वांटम’ नावाची यंत्रे फिरू लागली आहेत. हातात धातूची कांडी देतात, दोन मिनिटांत यकृत, मूत्रपिंड, रक्तातली साखर, सगळ्याचा छापील अहवाल देतात आणि मग हजारोंची औषधे गळ्यात मारतात. कुणी गळ्यात घालायला पदक विकतो. मोबाइलच्या लहरींपासून संरक्षण होते, शरीरातली ऊर्जा वाढते म्हणतो. मोबाइलच्या लहरीची पिशवी डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या पिशवीपेक्षा लाखो पटींनी लहान असते, हे आपण आता समजू शकतो. अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याची तिची ऐपत नाही. उलट नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्याने डिसेंबर २०२१ मध्ये अशा दहा वस्तूंबाबत इशारा दिला. त्यात एक ‘क्वांटम’ नावाचे पदकही होते. त्या वस्तूंमधूनच घातक किरणोत्सर्ग होत होता! संरक्षणासाठी घेतलेली वस्तूच अपायाची निघाली.

पैसा जातो हे दुःख आहेच. मोठे दुःख असे की आपली माणसे अशा कागदावर विसंबून साखरेची, रक्तदाबाची गोळी बंद करतात. एकेकाळी अंगारा आणि ताईत देऊन लुबाडत. तो धंदा आपण ओळखला, कारण त्याची भाषा जुनी होती. आता ताईताने इंग्रजी नाव घेतले आहे. शिकलेली मुलेही फसतात, कारण शब्द पुस्तकातला असतो.

म्हणून तीन प्रश्न पाठ करा. पहिला, ही ऊर्जा किती ज्यूल आणि कोणत्या यंत्राने मोजली? दुसरा, दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे तपासून हेच उत्तर काढले आहे का? तिसरा, ही गोष्ट खोटी असेल तर ते कसे कळेल? विकणारा तिसऱ्या प्रश्नावर रागावला, तर उठून चालू लागा.

शेवटी एक नाजूक गोष्ट. आपल्यातही काही मंडळी प्रेमापोटी म्हणतात, क्वांटम सिद्धान्त बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितला. मी नम्रपणे सांगतो, असे म्हणू नये. दुसरे लोक आपल्या पोथ्यांत विमाने आणि अणुबाँब शोधतात तेव्हा आपण हसतो. मग तोच खेळ आपण खेळावा का? अनित्यता शिकवताना आपण इलेक्ट्रॉनचा दाखला दिला आणि एखाद्या मुलीने विचारले, ‘सर, इलेक्ट्रॉन तर मोडताना अजून कुणालाच दिसलेला नाही,’ तर काय सांगणार? विज्ञान आपली मते पुराव्यानुसार बदलते. न्यूटनचे जग दोनशे वर्षे पक्के वाटले, पुढे त्याला मर्यादा पडल्या. आजच्या सिद्धान्ताच्या खुंटीला धम्म टांगला आणि उद्या खुंटी हलली, तर?

धम्माला पदार्थविज्ञानाच्या दाखल्याची गरज नाही. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते दूर करता येते, हे माणसांच्या जगण्यात तपासायचे आहे. आपले आणि विज्ञानाचे खरे नाते कालामांना केलेल्या उपदेशात आहे. परंपरा सांगते म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू थोर आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखा. इलेक्ट्रॉन बुद्धांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण इलेक्ट्रॉनचा शोध लागायला जी निर्भय चौकशी लागते, तिचा मान त्यांनी राखला. आपल्यासाठी हे मोठे आहे.

आणि चौकशीची वेळ आपल्या दारात येऊन ठेपली आहे. आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहत आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांत लेसरचा प्रकाश. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीने अवकाश किंचित हलते, ते मोजायचे. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली नोंद घेतली, तेव्हा नळीच्या लांबीतला फरक प्रोटॉनच्या काही शे पटींनी लहान होता. तिथे अडचण कुणाची येते? फोटॉनची! प्रकाश कणाकणाने पडत असल्यामुळे पत्र्यावर पाऊस वाजावा तसा बारीक कलकलाट होतो आणि त्यात अवकाशाचा आवाज हरवतो. तो कलकलाट कमी करण्याचे कामही क्वांटमच्याच नियमांनी चालते.

तिथे कोण काम करणार? पुण्या-मुंबईहून येतील, परदेशातून येतील, त्यांचे स्वागत. पण नळी जोडणारा तंत्रज्ञ, संगणक सांभाळणारी मुलगी, आकडे वाचणारा संशोधक आपल्या वस्तीतून जाऊ नये, असा कुठला नियम आहे? पाण्याच्या थेंबासाठी महाडला झगडलेल्या समाजाला बाबासाहेबांनी याच शहरात विद्येचे दार उघडून दिले. त्या दारातून शेवटपर्यंत आत जाणे बाकी आहे.

माझी समितीला विनंती आहे. विहाराच्या वाचनालयात धम्मग्रंथांशेजारी आठवी ते बारावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांचा एक संच ठेवा. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास मुलांना प्रश्न विचारू द्या. उत्तर आले नाही तर बिघडत नाही, पुढच्या रविवारी शोधून आणू. आणि माता-भगिनींना विनंती, घरात लेकरू ‘हे असं का?’ म्हणाले की त्याला गप्प बसवू नका. त्याच्या तोंडून मिलिंद राजा बोलत असतो. आपण नागसेनांसारखे धीराने उपमा शोधू या.